शेरा आणि श्रवण

ध्वनिमुद्रिकेची पारख कानांनी करावयाची असते, हे विधान इतके उघड आहे की ते छापून सांगण्याची वेळ यावी याचेच आम्हांस वैषम्य वाटते. परंतु वेळ आली आहे खरी. पाश्चात्त्य अभिजात संगीताचा, म्हणजे तिकडील सिंफनी, कॉन्चेर्टो, सोनाटा यांचा छंद जडलेली मराठी माणसे संख्येने थोडी. तरी नोकरीनिमित्त महाराष्ट्राबाहेर गेलेल्या आपल्या मंडळींत ती जागोजाग आढळतात. दिल्लीच्या सरकारी वसाहतींत आढळतात, कोलकात्यात आढळतात, शिलाँग-डेहराडूनच्या नेमणुकीवरही आढळतात. एके काळी बदलीच्या सामानात ट्रंकांबरोबर त्यांच्या तबकड्यांची खोकी हिंडत. आज तेच भांडार हातातल्या फोनमध्ये मावते. अशा चारदोन रसिकांची बैठक जमली की बीथोव्हनच्या पाचव्या सिंफनीची श्रेष्ठ मुद्रिका कोणती, हा वाद हमखास रंगतो. वाद रंगावा हे आम्हांस प्रियच आहे. मौज अशी की त्या वादात कानाची साक्ष कोणी काढीत नाही. एक जण म्हणतो, अमुक इंग्रजी मार्गदर्शिकेने तिला तीन तारे दिले आहेत. दुसरा म्हणतो, संचालकाचे नावच पुरेसे आहे. तिसरा म्हणतो, ध्वनिमुद्रण नव्या तंत्राचे आहे, तेव्हा प्रश्नच मिटला. आणि चौथा, जो तोवर गप्प बसलेला असतो, तो या तिघांची मते मनात टिपून घेतो व पुढल्या बैठकीत आपली म्हणून मांडतो.

हा प्रकार निरुपद्रवी आहे असे अनेकांना वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. दुसऱ्याच्या शेऱ्याखाली आपली सही करण्याची ही सवय कलेच्या प्रांतात काय अनर्थ करते याचा धडधडीत दाखला जगापुढे आहे. आपल्यापैकी पुष्कळांना तो एक गमतीचा किस्सा म्हणून ठाऊक असेल. त्यातला बोध मात्र कोणी घेतलेला दिसत नाही. म्हणून तो येथे जरा विस्ताराने सांगतो.

जॉइस हॅटो या इंग्रज पियानोवादिका १९२८ साली जन्मल्या व २००६ साली वारल्या. अखेरची कित्येक वर्षे त्या जाहीर कार्यक्रमांपासून दूर होत्या आणि कर्करोगाने आजारी होत्या. याच काळात त्यांचे पती विल्यम बॅरिंग्टन-कूप यांच्या ‘कॉन्सर्ट आर्टिस्ट’ या छोट्या कंपनीतून हॅटोंच्या नावाने शंभराहून अधिक सीडी बाहेर पडल्या. मोझार्ट, बीथोव्हन, शोपँ, लिस्ट, रॅखमानिनॉव्ह. पियानोच्या साहित्यातील अवघड असे काही म्हणून सुटले नव्हते. इतक्या वयात, इतक्या दुखण्यात, इतके वादन! समीक्षक गहिवरले. जगाने उपेक्षिलेली ही वादिका थोरांत थोर आहे, असे लेख आले. कॉन्चेर्टोंच्या मुद्रिकांवर रने कोलर नावाचा संचालक झळकत होता. त्याचे चरित्रही पुरवण्यात आले होते. असा कोणी माणूस नव्हताच, हे मागाहून कळले.

फेब्रुवारी २००७ मध्ये हे बिंग फुटले. कोणा एका श्रोत्याने हॅटोंच्या नावाची लिस्टच्या ‘ट्रान्सेंडेंटल’ एट्यूडांची सीडी आपल्या संगणकात घातली. तबकडीवरील तुकड्यांच्या लांब्या ताडून ती ओळखणारी यादी संगणकास जोडलेली होती. तिने वादक म्हणून हॅटो यांचे नाव न सांगता लास्लो सिमोन यांचे सांगितले. सिमोन यांची ती मुद्रिका स्वीडनमधील ‘बिस’ कंपनीने पूर्वीच काढली होती. मग ध्वनितज्ज्ञांनी तुलना केली आणि एकामागून एक प्रकरणे उजेडात आली. शोपँच्या माझुर्का यूजीन इंजिक यांच्या निघाल्या. त्या तर लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयातील संशोधकांनी ठोक्याठोक्यांच्या मोजणीतून स्वतंत्रपणे ओळखल्या. रॅखमानिनॉव्हचा तिसरा कॉन्चेर्टो येफिम ब्रॉन्फमन यांचा निघाला. कोठे कोठे मूळ मुद्रण किंचित ताणून वा आखडून घेतले होते, इतकेच. अखेर बॅरिंग्टन-कूप यांनी ‘बिस’च्या प्रमुखांना पत्र लिहून कबुली दिली, पत्नीसाठी हे केले, असा त्यांचा खुलासा होता.

या प्रकरणावर जग हसले ते ‘समीक्षकांना कान नाहीत’ असे म्हणून. हे हसणे उथळ होते. ज्यांचे वादन चोरले गेले ते वादक कसलेले होते. तेव्हा ते वादन उत्तम आहे असे म्हणणाऱ्याचे चुकले नाही. गुन्हा निराळा आहे. तेच वादन सिमोन किंवा ब्रॉन्फमन यांच्या नावाने बाजारात आले होते तेव्हा त्यास बेताची दाद मिळाली. आजारी, उपेक्षित वृद्धेच्या नावाने आले तेव्हा त्याच स्वरांत थोरवी ऐकू येऊ लागली. म्हणजे मूल्यमापन झाले ते कहाणीचे. वादन केवळ त्या कहाणीच्या पाठीमागे वाजत होते. आणि ज्यांनी दहापाच सीडी ऐकल्या त्यांच्याही मनात हा प्रश्न आला नाही की एकाच वादकाचा स्पर्श, त्याचे पेडल, त्याचा लयीचा स्वभाव दर तबकडीस इतका पालटतो कसा? उलट त्या पालटण्याचेच कौतुक झाले.

हे एकच प्रकरण असते तर अपवाद म्हणून सोडून देता आले असते. परंतु दिनू लिपाती या रुमानियन पियानोवादकाचेही उदाहरण आहे. १९५० साली अवघ्या ३३व्या वर्षी हा कलावंत वारला. पुढे १९६०च्या दशकात एका बड्या इंग्रज कंपनीने शोपँच्या ई मायनर कॉन्चेर्टोची एक मुद्रिका त्याची म्हणून प्रसिद्ध केली. अकाली निमालेल्या कलावंताचा ठेवा म्हणून ती वर्षानुवर्षे ऐकली गेली. १९८१ साली उघड झाले की ते वादन लिपातीचे नाही, हालिना चेर्नी-स्टेफान्स्का या पोलिश बाईंचे आहे. या बाई काही अनोळखी नव्हेत. वॉर्सातील शोपँ स्पर्धेचे १९४९ सालचे पहिले पारितोषिक त्यांनी विभागून मिळविले होते. येथे लबाडी नव्हती, गफलत होती. परंतु ऐकणाऱ्याच्या दृष्टीने फरक काय पडला? नाव पाहून भक्ती जडली, आणि नाव गळताच ती ओसरली. स्वर मात्र जागचे हलले नव्हते.

आता कोणी म्हणेल, हे सारे तिकडील. आपणांस त्याचे काय? आमच्या मते सर्वाधिक आपणांसच आहे. लंडन-व्हिएन्नाच्या श्रोत्याला मुद्रिकेखेरीज प्रत्यक्ष मैफिलीचा आधार असतो. तो संध्याकाळी सभागृहात जाऊन वाद्यवृंद ऐकतो आणि घरची मुद्रिका त्या अनुभवाशी ताडून पाहतो. आपल्या देशात मुंबईतील ‘सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ २००६ साली स्थापन झाला ही भाग्याची गोष्ट. परंतु परप्रांतांत विखुरलेल्या आपल्यासारख्यांना त्याचा लाभ क्वचितच. आपणांस मुद्रिका हीच मैफल. तिच्याविषयीचा निवाडाही जर उसना, तर आपले असे उरले काय?

शिवाय आमच्यासारख्या सरकारी माणसांना या रोगाची लागण लवकर होते, कारण त्याचे जंतू कचेरीतच आहेत. फाइल वर चढते. खालच्याने टिपण लिहिलेले असते, मधला ‘सहमत’ म्हणतो, वरचा ‘पाहिले’ म्हणतो; आणि मूळ कागद कोणी वाचला होता की नाही, हे पुढे कोणासच सांगता येत नाही. वार्षिक मूल्यमापन अहवालांचेही तेच. अहवाल लिहिणाऱ्याने ‘उत्कृष्ट’ लिहिले की पुनर्विलोकन करणारा बहुधा तेच लिहितो. कारण निराळे लिहावे तर कारणे द्यावी लागतात, आणि कारणे द्यावयाची तर माणसाचे काम पाहिलेले असावे लागते. तीन तारे हा असाच शेरा आहे. दिवसभर हे करून घरी आलेल्या माणसाने निदान आपल्या विरंगुळ्याच्या घटकेत तरी मूळ कागद वाचावा, इतकीच आमची मागणी आहे.

आम्ही समीक्षेचे वैरी नाही. ‘ग्रामोफोन’ हे मासिक कॉम्प्टन मॅकेंझी यांनी १९२३ साली काढले. मुद्रिका हीदेखील गंभीर विचाराची वस्तू आहे हे अशा नियतकालिकांनीच जगाला शिकविले. बी.बी.सी.चा ‘रेकॉर्ड रिव्ह्यू’ हा कार्यक्रम १९५७ साली सुरू झाला. एकाच कृतीच्या अनेक मुद्रिका घेऊन, त्यांतील तेच ते तुकडे एकापाठोपाठ वाजवून त्यांची तुलना करण्याचा त्याचा प्रघात आम्हांस आदर्श वाटतो. तेथे समीक्षक पुरावा पुढे ठेवतो. श्रोत्यास वाटले तर तो तेथल्या तेथे असहमत होऊ शकतो. आमचा विरोध आहे तो पुराव्यावाचून दिलेल्या गुणांना. ‘पेंग्विन गाइड’च्या जाडजूड आवृत्त्या अनेक दशके निघत होत्या. त्यांतील मजकूर वाचण्यासारखा असे. पण आपल्या मंडळींनी त्यांतून काय उचलले? ताऱ्यांची संख्या आणि क्वचित शेजारी छापलेले गुलाबाचे फूल!

ताऱ्यांखालोखाल आपल्याकडे आणखी काही खोटी मापे चालतात. त्यांतील पहिले ध्वनीच्या चकचकीतपणाचे. चांगला ध्वनी कोणाला नको आहे? पण ‘चांगला ध्वनी’ म्हणजे काय, हे विचारल्यावाचून त्यास गुण देणे अडाणीपणाचे आहे. १९५१ साली राफाएल कुबेलिक व शिकागो वाद्यवृंद यांनी मुसोर्गस्कीची ‘पिक्चर्स अ‍ॅट अ‍ॅन एक्झिबिशन’ ही कृती ‘मर्क्युरी’ कंपनीसाठी एकाच मायक्रोफोनपुढे वाजवली. तेथे वाद्यांचा तोल सांभाळला तो संचालकाने. पुढे वाद्यावाद्यापुढे मायक्रोफोन आले, आणि तो तोल काचेपलीकडे बसलेल्या तंत्रज्ञाच्या बोटांत गेला. त्यामुळे सबंध वाद्यवृंदावर मात करून बासरीचा श्वास ऐकू येतो. कॉन्चेर्टोतील पियानो सभागृहाएवढा मोठा होऊन बसतो आणि चाळीस व्हायोलिने त्याच्या पाठीमागे कुजबुजतात. याला लोक ‘स्पष्ट ध्वनी’ म्हणतात. आम्ही याला तोल बिघडलेला ध्वनी म्हणतो. त्याउलट १९२५पूर्वीच्या, कर्ण्यापुढे वाजवून घेतलेल्या मुद्रिकांत खरखर पुष्कळ, मंद्र स्वर जवळजवळ नाहीतच; परंतु आर्थर निकिश यांनी बर्लिनच्या वाद्यवृंदाकडून १९१३ साली वाजवून घेतलेली संपूर्ण पाचवी सिंफनी त्या खरखरीतूनही लयीविषयी पुष्कळ काही सांगते.

दुसरे माप घड्याळाचे. ‘जितके संथ तितके सखोल’ अशी एक समजूत पसरली आहे. माहलरच्या पाचव्या सिंफनीतील ‘अदाजिएत्तो’ हा भाग घ्या. विलेम मेंगलबर्ग यांनी तो १९२६ साली सुमारे सात मिनिटांत वाजविला; ब्रूनो वाल्टर यांनी १९३८ साली सुमारे आठ मिनिटांत. हे दोघेही माहलरच्या प्रत्यक्ष सहवासातील. पुढे १९७१ साली व्हिस्कोंती यांच्या ‘डेथ इन व्हेनिस’ या चित्रपटाने हा भाग मरणाशी कायमचा जोडून टाकला. आणि बर्नार्ड हायटिंक यांच्या १९८८च्या बर्लिन येथील मुद्रिकेत तो चौदा मिनिटांच्या घरात गेला. तेच स्वर, काळ दुप्पट. त्या संथपणास कोणी अवश्य भुलावे. पण त्यालाच ‘खरा माहलर’ म्हणण्यापूर्वी त्या दोन जुन्या साक्षीदारांची जबानी घेतली पाहिजे.

नुसते घड्याळ पाहणाराही फसतो. ग्लेन गुल्ड यांची बाखच्या ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ची १९५५ची मुद्रिका ३८ मिनिटांच्या आसपास आहे व १९८१ची सुमारे ५१ मिनिटांची. म्हणजे दुसरी सरसकट संथ, असे निदान आम्ही जाणत्यांच्या तोंडून ऐकले आहे. वस्तुतः पहिल्या वेळी गुल्ड यांनी एकही विभाग पुन्हा वाजविला नव्हता. दुसऱ्या वेळी काही विभागांची पुनरावृत्ती केली. वाढलेल्या मिनिटांतील काही मिनिटे या हिशेबात जातात. त्यातून आरंभीचा ‘आरिया’ खरोखरच संथ झाला आहे. पूर्वी तो दोन मिनिटांच्या आत आटोपत असे, आता त्यास तीन मिनिटे लागतात. परंतु हे भेद ऐकून व स्वरलेखन पाहूनच कळतात, वेष्टनावरील आकड्यांवरून कळत नाहीत.

तिसरे माप बिनचूकपणाचे. बीथोव्हनच्या ३२ही पियानो सोनाटा प्रथम ध्वनिमुद्रित केल्या त्या आर्तुर श्नाबेल यांनी, १९३२ ते १९३५ या काळात. त्या वेळी तबकडीच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटेच मावत आणि चुकलेला स्वर कापून काढण्याची सोय नव्हती. ‘हामरक्लाव्हिअर’ या सोनाटास, आणि सोनाटांपैकी केवळ तिलाच, बीथोव्हनने मेट्रोनोमचे आकडे दिले आहेत. पहिल्या भागाचा आकडा १३८, म्हणजे जवळजवळ न पेलणारा. श्नाबेल त्या आकड्याच्या पाठीस लागले आणि त्यात स्वर सांडले. आजचा परीक्षक सांडलेले स्वर मोजून गुण कापील. आम्ही विचारतो, ज्यांनी एकही स्वर सांडला नाही त्यांपैकी कितीजणांनी तो धोका पत्करला? फितीचे तंत्र आल्यापासून बिनचूकपणा कात्रीने मिळविता येतो. गुल्ड यांनी तर हे लपविलेही नाही. बाखच्या ‘वेल-टेम्पर्ड क्लाव्हिअर’मधील ए मायनर फ्यूग त्यांनी अनेकदा वाजविला, त्यांतील सहावे आणि आठवे वादन निर्दोष, पण दोन्ही सलग ऐकता कंटाळवाणी, म्हणून दोन्हींचे तुकडे जोडून एक केले, असे त्यांनी १९६६ साली स्वतः लिहिले. त्यात वाईट काही नाही. मात्र हे जोडकाम आहे हे ठाऊक असता त्यास ‘एका दमातील चमत्कार’ म्हणून दाद देणे हास्यास्पद आहे.

चौथे माप अधिकाराचे. रचनाकाराने स्वतः वाजविले, म्हणजे वाद संपला, असे काहींना वाटते. रॅखमानिनॉव्हने आपले चारही कॉन्चेर्टो ध्वनिमुद्रित करून ठेवले आणि ते अनमोल आहेत. परंतु १९३९-४०च्या मुद्रणात तिसऱ्या कॉन्चेर्टोतील काही भाग त्याने स्वतःच गाळले आहेत. संपूर्ण कृती वाजविणाऱ्या आजच्या वादकास त्या दाखल्यावरून दोषी धरणार काय? याच जातीचे एक माप स्वदेशाभिमानाचे आहे. झुबिन मेहता १९३६ साली मुंबईत जन्मले, १९६२ ते १९७८ लॉस एंजेलिसच्या व नंतर १९९१ पर्यंत न्यूयॉर्कच्या वाद्यवृंदाचे प्रमुख संचालक होते, याचा अभिमान आम्हांसही आहे. म्हणून त्यांची प्रत्येक मुद्रिका सर्वश्रेष्ठ ठरविणे हा मात्र त्यांचाच उपमर्द आहे. कारण मग त्यांच्या खरोखर उत्तम मुद्रिकेस निराळी दाद देण्यास शब्दच उरत नाही.

खोटी मापे मोडल्यावर खरी कोणती, हे सांगणे आमचे कर्तव्य आहे. आम्ही नवे शास्त्र मांडीत नाही. काही प्रश्न आहेत. ते विचारले की कान आपोआप कामास लागतात.

पहिला प्रश्न: लिहिलेले ऐकू येते काय? चायकॉव्हस्कीच्या सहाव्या सिंफनीच्या अखेरच्या भागाचा आरंभ पहा. तेथे जी करुण सुरावट ऐकू येते ती कोणत्याच एका वाद्याच्या कागदावर लिहिलेली नाही. एक स्वर पहिल्या व्हायोलिनांचा, पुढचा दुसऱ्या व्हायोलिनांचा, अशी ती दोघांत वाटून दिली आहे. दोन्ही गट डावीकडे शेजारी शेजारी बसविले, की स्टिरिओ मुद्रिकेतही ही वाटणी नाहीशी होते व साधी एकसंध सुरावट उरते. क्लेंपरर, एड्रियन बोल्ट, कुबेलिक यांच्यासारखे संचालक दुसरी व्हायोलिने उजवीकडे बसवीत. अशा मांडणीत ती सुरावट दोन बाजूंमध्ये विणली जाताना ऐकू येते. हा आवडीनिवडीचा प्रश्न नव्हे, ऐकू आले की नाही याचा आहे. तसेच पाचव्या सिंफनीच्या पहिल्या भागात, आरंभीचा विषय परत आल्यानंतर दुसऱ्या विषयाची ललकारी बीथोव्हनने हॉर्न वाद्यांस न देता बसून वाद्यांस दिली आहे. कित्येक संचालक ती परस्पर हॉर्नकडे सोपवितात. आपली लाडकी मुद्रिका काय करते, हे कोणासही घरबसल्या पाहता येईल.

दुसरा प्रश्न: केलेल्या निवडीची किंमत कोणी भरली? त्याच भागास बीथोव्हनने मिनिटास १०८ ठोक्यांची गती दिली. सिंफन्यांचे हे आकडे त्याने १८१७ साली प्रसिद्ध केले. कार्लोस क्लाइबर यांची व्हिएन्ना येथील १९७४ची मुद्रिका त्या गतीच्या जवळपास राहते. क्लेंपरर यांची १९५९ची पुष्कळ मागे राहते. केवळ आकड्यावर निकाल द्यावयाचा तर क्लेंपरर बाद. परंतु क्लेंपरर यांच्या संथ चालीत लाकडी फुंकवाद्यांचे बारीक काम उजेडात येते, आणि क्लाइबर यांच्या वेगात मागचे वाक्य संपण्यापूर्वी पुढचे मानगुटीस बसते. एकाने वेग देऊन बांधणी घेतली, दुसऱ्याने सावकाशी सोडून निकड घेतली. यांतील कोणता व्यवहार या कृतीस मानवतो, हे सांगावे आणि कारणासह सांगावे. आमचा कौल क्लाइबर यांना आहे. कारण हा भाग चार स्वरांच्या हट्टावर उभा आहे, आणि दम खाल्ला की हट्ट निवतो.

तिसरा प्रश्न: वाक्य शेवटास पोचते काय? सुटे स्वर सुंदर असून सबंध भाग कोठेच जात नाही, असे पुष्कळ मुद्रिकांत होते. पियानोच्या तर फारच. त्याची परीक्षा एकच: पहिल्या ऐकण्यात थक्क करणारी जागा चौथ्या ऐकण्यात टिकते की खटकते? मैफलीतील चमत्कृती एकदाच घडते म्हणून शोभते. मुद्रिका शंभरदा तशीच वाजणार असते. तिच्यातील लाडिक विसावा दहाव्या वेळी सवय होतो आणि विसाव्या वेळी खोड.

यावर दोन आक्षेप येतात. एक नम्रतेचा: हे संगीत परके, आमचा कान त्यात मुरलेला नाही, तज्ज्ञांवर विसंबणेच बरे. ही नम्रता आम्हांस संशयास्पद वाटते. षड्जाशी केसभर बिनसलेला स्वर ज्यास सहन होत नाही, सम चुकली की ज्याची मान आपोआप थांबते, त्याने पियानोपुढे ‘मी बहिरा’ म्हणावे? त्या संगीताचे व्याकरण निराळे आहे, ते शिकावे लागते, हे मान्य. परंतु शिकण्यासाठी ऐकावे लागते, आणि तारे मोजणारा ऐकणे टाळीत असतो. दुसरा आक्षेप आळसाचा: शेवटी हा आवडीचा प्रश्न, त्यात बरेवाईट कसले? आवडीस आम्ही हात लावीत नाही. बसूनची ललकारी हॉर्नने वाजविली की नाही, व्हायोलिने दोन बाजूंस आहेत की एका, पुनरावृत्ती केली की गाळली, या गोष्टी आवडीच्या नव्हेत. त्या ठरल्यानंतर उरेल त्यावर खुशाल आवड सांगावी; ती ऐकण्याजोगी असेल, कारण ती कशाविषयी आहे हे तरी कळेल.

तेव्हा जेथे जेथे आपल्या मंडळींची बैठक भरते तेथे एक साधा नियम घालून घ्यावा, अशी आमची सूचना आहे. एका कृतीचा एकच भाग निवडावा. तीन मुद्रिकांतून तो लावावा, आणि लावणाऱ्याने वादकाचे, संचालकाचे व सालाचे नाव सांगू नये. प्रत्येकाने आपले टिपण कागदावर लिहावे. त्यात ‘उत्कृष्ट’, ‘अप्रतिम’ हे शब्द नकोत, काय ऐकू आले ते हवे. मगच नावे उघड करावीत, आणि हवे तर सर्वांत शेवटी मार्गदर्शिका उघडावी. हॅटोंच्या वाट्याला असे श्रोते आले असते तर ती लबाडी फार दिवस चालती ना; आणि त्याहून महत्त्वाचे, सिमोन आणि इंजिक यांना त्यांची दाद त्यांच्याच नावाने, वेळेवर मिळती.

या रीतीने ऐकून कोणी क्लाइबरविरुद्ध क्लेंपररच्या बाजूने उभा राहिला, आणि आपली कारणे स्वरलेखनातील जागेसह घेऊन आमच्याकडे आला, तर आम्ही त्याचे म्हणणे आनंदाने ऐकू व पटल्यास आमचा कौल बदलू. तारे घेऊन येणाऱ्यास मात्र आम्ही प्रथम ती मुद्रिका लावावयास सांगणार आहोत.